न चालणाऱ्यांचा दम

भुलीच्या तपासणीत मी जे प्रश्न विचारते, त्यांतले निम्मे तोंडपाठ झालेले असतात. दोन जिने चढता का? चढल्यावर दम लागतो का? झोपताना उशा किती घेता? उत्तरांवरून हृदय आणि फुफ्फुसं शस्त्रक्रियेचं ओझं पेलतील की नाही याचा अंदाज बांधायचा, असं आमचं शिक्षण आहे. बहुतेकांच्या बाबतीत तो अंदाज बरोबर येतो. ज्यांच्या बाबतीत येत नाही त्यांच्याविषयी, म्हणजे आमवात, स्क्लेरोडर्मा, ल्युपस अशा आजारांच्या रुग्णांविषयी मला लिहायचं आहे. खरं तर त्यांच्यासमोर बसलेल्या माझ्याविषयी.

या आजारांत शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटते. सांधे, कातडी, स्नायू यांना धरून ठेवणाऱ्या ऊतींवर तिचा रोख असतो आणि फुफ्फुसंही त्यातून सुटत नाहीत. आमवाताच्या साधारण दहातल्या एका रुग्णात फुफ्फुसांचा आजार जाणवण्याइतका वाढलेला असतो. सीटी स्कॅन केला तर त्याहून कितीतरी जणांत त्याच्या खुणा सापडतात. स्क्लेरोडर्माच्या रुग्णांचे मृत्यू आज सर्वांत जास्त फुफ्फुसांमुळेच होतात. हे सगळं मला पाठ आहे. तरीही गुडघ्याची वाटी बदलायला आलेल्या बाईला मी जिन्याचाच प्रश्न विचारते.

"दम? न्हाई बा लागत," एक मावशी म्हणाल्या. माझा पेन 'नाही'वर टेकला, तोवर त्यांनीच पुढे सांगितलं, "चाललं तर लागंल की म्याडम. पण चालतंय कोण? संडासला जायचं तरी सून धरून नेतिया."

जो आजार गुडघे खातो तोच फुफ्फुसं खातो, आणि गुडघे आधी गेल्यामुळे फुफ्फुसांचं जाणं झाकलं जातं. बाई चालतच नाही, त्यामुळे तिला धाप लागत नाही. धाप लागत नाही म्हणून कोणी छातीकडे बघत नाही. शस्त्रक्रिया चांगली झाली की दुसऱ्या दिवशी आम्हीच तिला वॉकर देऊन उभं करतो, आणि तो दम तिथे पहिल्यांदा उघडा पडतो. हे मावशींना ठाऊक होतं. त्यांना ते मला सांगावं लागलं, कारण माझा प्रश्न चालत्या-फिरत्या माणसांसाठी बेतलेला होता. पुढे ते वाक्य मी डॉक्टरांच्या खोलीत दोन-चार जणांना गंमत म्हणून सांगितलं आणि सगळे हसले. आता वाटतं, विनोद मावशींनी केला नव्हता.

स्टेथोस्कोपचंही तेच. फुफ्फुसं कडक होऊ लागतात ती बहुधा तळाशी आणि पाठीकडच्या बाजूला. तिथे कान लावून खोल श्वास घ्यायला सांगितलं तर श्वासाच्या शेवटी बारीक चरचर ऐकू येते, बुटाची वेल्क्रोची पट्टी हळूहळू सोडवावी तशी. पण तिथवर पोचायचं तर रुग्णाला उठवून बसवावं लागतं, पदर-ब्लाउज सांभाळत पाठ मोकळी करावी लागते, आखडलेल्या खांद्यांच्या माणसाला पुढे वाकवावं लागतं. सिस्टरला हाक मारावी लागते. बाहेर फायली घेऊन आणखी माणसं उभी असतात. पुढून ऐकणं सोपं, आणि पुढून छाती बहुतेकदा स्वच्छच ऐकू येते. मग 'दोन्ही बाजूंना हवा व्यवस्थित' असं लिहायचं. पाठीवर स्टेथोस्कोप लावण्याचं मी कधी टाळते याचा हिशेब काढला, तर तो रुग्णाच्या आजारापेक्षा माझ्या घड्याळाशी जास्त जुळतो. छातीच्या साध्या फोटोवर विसंबावं, तर सुरुवातीच्या काळात तो अगदी नॉर्मल असू शकतो. पातळ कापांचा सीटी आणि फुफ्फुसांतून वायू रक्तात किती जातो हे मोजणारी चाचणी, ही खरी परीक्षा. त्यातली दुसरी आमच्या जिल्ह्यात होत नाही.

मोजमापाच्या तक्त्यांमागे लपणंही मला जमतं. शस्त्रक्रियेनंतर फुफ्फुसांचा त्रास होण्याची जोखीम काढायचा एक चांगला तक्ता आहे, अ‍ॅरिस्कॅट नावाचा, २०१० साली कॅटलोनियातल्या रुग्णालयांच्या अभ्यासातून निघालेला. त्यात सात गोष्टी धरतात: वय, रक्तातला ऑक्सिजन, गेल्या महिन्यातला छातीचा संसर्ग, हिमोग्लोबिन, छेद कुठे आहे, शस्त्रक्रिया किती वेळ चालणार आणि ती तातडीची आहे का. मावशींचं वय साठीच्या आसपास, त्याचे ३ गुण. ऑक्सिजन ९४ टक्के, त्याचे ८. गुडघ्याला छातीपोटाच्या छेदाचे गुण नाहीत. दोन तासांच्या आत काम झालं तर वेळेचेही नाहीत. बेरीज ११. २६ च्या खाली म्हणजे कमी जोखीम. फुफ्फुसं आकसलेली आहेत याला त्यात रकानाच नाही. तक्ता बनवणाऱ्यांचा त्यात दोष नाही, त्यांनी सर्वसाधारण रुग्ण पाहिले. पण ११ हा आकडा कागदावर उतरला की माझ्या मनातली चरचर थांबते, आणि ती थांबायला नको होती.

भूल दिली की फुफ्फुसात काय होतं ते थोडक्यात सांगते, कारण पुढचं त्याशिवाय कळणार नाही. माणूस आडवा झाला, स्नायू सैल पडले की श्वास सोडल्यावर फुफ्फुसात शिल्लक राहणारी हवा कमी होते. तळाचे भाग मिटतात. हे धडधाकट माणसातही, जवळजवळ प्रत्येकात होतं, आणि त्यांच्यात ते दिवसा-दोन दिवसांत सुधारतं. कडक झालेल्या फुफ्फुसाला मुळात शिल्लक थोडी. त्यात मशीनने मोठे श्वास भरले, ऑक्सिजन गरजेपेक्षा जास्त सोडला, वरून कफ अडकला, जठरातलं आम्ल श्वासनळीत गेलं, तर जुना शांत आजार एकाएकी भडकू शकतो. दोन्ही फुफ्फुसं दुधाळ काचेसारखी धूसर दिसू लागतात, ऑक्सिजन चढत नाही. म्हणून अशा रुग्णाला उंचीवरून काढलेल्या आदर्श वजनाच्या किलोमागे सहा ते आठ मिलिलिटर एवढेच लहान श्वास द्यायचे, ऑक्सिजन लागेल तेवढाच. मोठा श्वास दिला की मशीनच्या पडद्यावरचे आकडे देखणे दिसतात आणि मला बरं वाटतं, पण रुग्णाच्या फुफ्फुसांना ते बरं नसतं. हा मोह मी ओळखते. आवरते, पण दर वेळी आवरावा लागतो.

आता त्या आकड्याविषयी, ज्याच्यामुळे मी हे लिहायला बसले.

जपानमधल्या डॉक्टरांनी २०१४ मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. फुफ्फुसांचा असा आजार असलेल्या आणि कर्करोगासाठी फुफ्फुसाचा भाग काढलेल्या १७६३ रुग्णांचा. त्यांतल्या ९.३ टक्के रुग्णांत शस्त्रक्रियेनंतर जुना आजार भडकला, आणि ज्यांचा भडकला त्यांतले ४३.९ टक्के दगावले. आकडे खरे आहेत, मोलाचे आहेत. पण ते फुफ्फुसच कापलेल्या रुग्णांचे आहेत, गुडघा बदललेल्यांचे नव्हेत. हा फरक मला पक्का माहीत आहे. आणि तरी नातेवाइकांसमोर बसले की माझ्या तोंडून निघतं, "असा त्रास झाला तर शंभरातले चाळीसच्या वर वाचत नाहीत." नऊ टक्क्यांचा पहिला भाग मी सांगत नाही. कुठली शस्त्रक्रिया होती हेही सांगत नाही. मुलगा खाली बघतो, सून रुग्णाकडे बघते, आणि उद्या काही झालंच तर "डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं" एवढं घरात पक्कं होतं. त्याक्षणी मी रुग्णाला माहिती देत असते की स्वतःची बाजू भक्कम करत असते? मला उत्तर ठाऊक आहे, म्हणूनच प्रश्न विचारायला उशीर केला.

धोका कमी करून सांगणं वाईट, हे सगळे मानतात. धोका फुगवून सांगणं तितकंच वाईट आहे, पण त्याबद्दल आजवर मला कोणी जाब विचारलेला नाही. उलट 'स्पष्ट बोलणाऱ्या मॅडम' म्हणून नाव झालं.

फुगवून सांगितलं की पुढचं वाक्य सोपं जातं: "तुम्ही पुण्याला घेऊन जा." काही वेळा हे शंभर टक्के योग्य असतं. रात्री व्हेंटिलेटरची सोय नसेल, आमवाताने मानेचे वरचे मणके सैल झाले असतील, स्वरयंत्राचे इवले सांधे सुजून आवाज घोगरा झाला असेल आणि भुलीसाठी घातलेली श्वासाची नळी काढल्यावर श्वास अडण्याची भीती असेल, तर आमच्यासारख्या ठिकाणी हट्ट करू नये. पण पुण्याला नेणारे किती? पुण्यात राहायचं कुठे, ऊसतोडीच्या हंगामात सोबत कोण, योजनेत बसेल का, या प्रश्नांवर गाडी अडते. बाई घरी परत जाते. पलंगावरच राहते. दोन वर्षांनी पाठीला जखमा होतात, न हलल्यामुळे पायात रक्ताची गुठळी होते, छातीत संसर्ग होतो. ती फुफ्फुसानेच जाते, पण शस्त्रक्रिया झालेली नसल्यामुळे कुठल्याही नोंदवहीत ती गुंतागुंत म्हणून चढत नाही. माझ्या नावावर तर नाहीच. भूल दिलेल्या रुग्णाचं काही झालं तर बैठक बसते, फाइल काढतात. भूल नाकारलेल्या रुग्णाचं काय झालं हे विचारायला आजवर एकही बैठक बसलेली नाही. नकारासाठी मला कुणाला हिशेब द्यावा लागत नाही, एवढंच कारण माझा हात नकाराकडे वळायला पुरतं, हे मी स्वतःजवळ बराच काळ मान्य केलं नव्हतं.

अमेरिकन भूलतज्ज्ञांच्या संस्थेचा दर्जा लिहायची पद्धत आम्ही रोज वापरतो: एक, दोन, तीन, चार. ती १९४१ साली मांडणाऱ्यांनीच सांगितलं होतं की हा माणसाच्या प्रकृतीचा दर्जा आहे, शस्त्रक्रियेच्या धोक्याचा नव्हे. शस्त्रक्रिया कोणती, करणारा कोण, नंतर सांभाळणार कोण, हे त्यात येतच नाही. मी मात्र 'दर्जा तीन' लिहून सर्जनकडे असं पाहते की जणू निकाल लागला.

पाठीतून भूल देण्याचंही थोडं असंच आहे. 'पाठीतून देऊ, म्हणजे छातीला धोका नाही' हे मी इतक्या सहज म्हणते की मलाच ते खरं वाटू लागतं. नळी टळते, मशीनचे श्वास टळतात, हा फायदा मोठाच. पण भूल वर चढली तर खोकायचे स्नायू दुबळे होतात, आणि ज्या बाईला ढास लागते तिला दीड तास उताणं झोपवून ठेवणं म्हणजे काय ते टेबलाशी बसणाऱ्यालाच कळतं. कण्हली की झोपेचं इंजेक्शन, झोपेने श्वास मंद, मग पुन्हा ऑक्सिजन.

स्टेरॉइडच्या बाबतीत माझं मन अजून स्थिर नाही. १९४८ मध्ये मेयो क्लिनिकमध्ये आमवाताच्या रुग्णाला पहिल्यांदा कॉर्टिसोन दिलं, आणि चारच वर्षांनी, १९५२ मध्ये, एक वृत्तांत छापून आला: आमवातासाठी कॉर्टिसोन घेणारा ३४ वर्षांचा रुग्ण खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर शॉकमध्ये जाऊन दगावला, बाहेरून मिळणाऱ्या औषधामुळे त्याच्या अधिवृक्क ग्रंथी आकसल्या होत्या. तेव्हापासून अशा प्रत्येकाला जादा डोस टोचायची रीत पडली. आता खुबा-गुडघ्यासाठी अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांची आणि सांधेरोपण करणाऱ्यांची २०१७ ची आणि पुढे २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात, की रोजचाच डोस चालू ठेवा, जादा देऊ नका, मेथोट्रेक्सेट बंद करू नका; बायोलॉजिक इंजेक्शनं मात्र पुढच्या डोसची वेळ आली की तो थांबवून मग शस्त्रक्रिया करा. जादा स्टेरॉइडने संसर्ग वाढतो, साखर वाढते. मी हे वाचलंय, कनिष्ठांना शिकवतेही. आणि टेबलावर रक्तदाब जरा उतरला की शंभर मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन भरायला सांगते. एक बाजू माझीही आहे: आमच्याकडे रोजचा डोस कोणाला ठाऊक असतो? कोणी वाताच्या पुड्या खातो, कोणी मेडिकलवाल्याने दिलेली बारकी गोळी वर्षानुवर्षं घेतो, आणि 'कुठलं औषध चालू आहे' म्हटलं की 'काय न्हाई' म्हणतो. चेहरा मात्र गोल झालेला, कातडी कागदासारखी पातळ. तेव्हा ते इंजेक्शन चूक नसेल. पण ज्या बाईची गोळीची चिठ्ठी माझ्या हातात आहे, तिलाही मी ते देते, आणि ते तिच्या ग्रंथींसाठी नसून माझ्या रात्रीच्या झोपेसाठी असतं.

स्क्लेरोडर्माच्या रुग्णांबद्दल एकच प्रसंग सांगते. एका मुलीची कातडी ताणून चेहऱ्याला अशी चिकटलेली की तोंडात दोन बोटंही जाईनात. अन्ननलिका ढिली, म्हणजे भूल देताना पोटातलं वर येण्याची भीती. आणि बोटं थंड, निळसर, टोकांना जुन्या जखमांचे खड्डे. ऑक्सिजन दाखवणारा चिमटा आम्ही बोटाला लावला तर पडद्यावर नुसत्या रेघा. दुसरं बोट, तिसरं, अंगठा. एसी थंड चाललेला, मुलगी हिवाने थरथरतेय. वॉर्डबॉय म्हणाला, "म्याडम, मशीन खराब झालंय, दुसरं आणतो." मशीन ठीक होतं, त्या बोटांत मोजण्याइतकं रक्तच येत नव्हतं. चिमटा कानाच्या पाळीला लावला, एसी बंद करायला लावला, गरम ब्लँकेट मागवलं, आणि मग आकडा आला: ९१. दोन मिनिटांपूर्वी आम्ही सगळे यंत्राला दोष द्यायला तयार होतो. ल्युपस, स्नायूदाह यांच्या आणखी वेगळ्या तऱ्हा आहेत. ल्युपसमध्ये गुठळ्या होऊ शकतात, स्नायूदाहात गिळायचे आणि श्वासाचेच स्नायू दुबळे. प्रत्येकाचं सांगत बसत नाही.

सर्वांत अवघड गोष्ट शेवटाकडे ढकलली, हेही स्वभावाला धरूनच झालं. माझं काम रिकव्हरी खोलीच्या दारापर्यंत. रुग्ण शुद्धीवर, बोलते, ऑक्सिजन ठीक, वॉर्डात पाठवा. दुसऱ्या दिवशी सकाळी एक धावती भेट, तीही जमली तर. पण फुफ्फुसाचे त्रास टेबलावर फार थोडे दिसतात. न्युमोनिया दोन-तीन दिवसांनी डोकं वर काढतो. जुना आजार भडकणं तर अभ्यासांत महिनाभरापर्यंत मोजतात. तोवर बाई सर्जनची असते, मग फिजिशियनची, मग दुसऱ्याच रुग्णालयाची. 'माझ्याकडे भुलीने कधी काही झालं नाही' असं मी म्हणते तेव्हा त्याचा खरा अर्थ एवढाच, की बघायला मी तिथे नव्हते.

एकदा वॉर्डात उगाच गेले, दुसऱ्याच रुग्णासाठी. शेजारच्या खाटेवर आमवाताच्या आजी, शस्त्रक्रियेला तीन दिवस झालेले. लॉकरवर श्वासाच्या व्यायामाचं ते तीन गोळ्यांचं यंत्र, प्लास्टिकच्या वेष्टनातच, वर केळी ठेवलेली. कागदावर लिहिलेलं, 'दर तासाला दहा वेळा'. मी विचारलं, तर आजींनी आपले दोन्ही हात वर केले. बोटं करंगळीकडे कललेली, मुठी वळेनात. "कशानं धरू?" नळी तोंडात धरायलाही कोणी हवं, आणि नात कॉलेजला गेलेली. लिहिणाऱ्याने लिहिलं, देणाऱ्याने दिलं, बिलातही ते लागलं असणार. मी वेष्टन फाडलं, यंत्र धरलं, त्यांनी ओढलं. एक गोळी हलली, दुसरी अर्ध्यावर आली. मग पाठीला कान लावला.

तेव्हापासून अशा रुग्णांच्या कागदावर मी यंत्र कोण धरणार त्याचं नाव लिहून घेते, आणि पाठ ऐकल्याशिवाय सही करायची नाही एवढं स्वतःशी बांधून घेतलं आहे. आकडा सांगताना कुठल्या शस्त्रक्रियेचा ते आधी सांगते. त्यामुळे माझं बोलणं पूर्वीइतकं ठाम राहत नाही, आणि काही नातेवाईक 'नक्की काय ते सांगा' म्हणून चिडतात. ज्यांना भूल दिली आणि ज्यांना नाकारली, दोघांनाही महिन्याने फोन करायचा असंही ठरवलं. दिलेल्यांना मी स्वतः करते. नाकारलेल्यांचे नंबर वहीच्या मागच्या पानावर आहेत. त्यांना फोन लावताना हात जड होतो, रिंग वाजत राहते, आणि पलीकडे कोणी उचलला नाही तर मला हायसं वाटतं.